कापण्यातील धोका आणि सोडून देण्यातील धोका

 



मशिदीच्या इमामाला लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेकांची उत्तरे किताबात सापडतात. वुजू कशाने तुटतो, जकात कोणाला द्यावी, वारसाहक्काचे हिस्से कसे पडतात. परंतु एक प्रश्न असा आहे की तो बहुधा रात्री येतो, फोनवरून येतो आणि विचारणाऱ्याच्या मागे रुग्णालयाच्या जिन्यातील गलबला ऐकू येत असतो. ‘मौलाना, डॉक्टर म्हणतात मेंदूचं ऑपरेशन करावं लागेल. सही मागत आहेत. करू की नको?’ आणि लगेच दुसरे वाक्य येते, ‘तुम्ही जरा इस्तिखारा काढून द्या.’

या प्रश्नाविषयी लिहिताना मला सर्वप्रथम डोक्याच्या जखमेचीच एक हदीस आठवते. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून ती आली आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच अवस्थेत त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. त्यांनी सोबत्यांना विचारले, की मला तयम्मुमची सवलत आहे का? सोबती म्हणाले, की पाणी उपलब्ध असताना सवलत कशी असेल? त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ही वार्ता प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा ते अतिशय संतप्त झाले. उत्तर देणाऱ्यांनीच त्याला मारले, असे ते म्हणाले. ज्ञान नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानाचा उपचार विचारणे हाच आहे, असेही त्यांनी सांगितले.

येथे दोष जखमीला लावलेला नाही. ज्यांनी दीनदारीच्या भावनेने, अगदी सद्हेतूने उत्तर दिले, त्यांना लावला आहे. ही हदीस मी मदरशात शिकलो, तेव्हा ती तयम्मुमच्या प्रकरणातील एक मसला म्हणून शिकलो. ती माझ्याविषयी आहे, हे मला पुढे कळले.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जमातीतील एक वृद्ध गृहस्थ, फजरच्या पहिल्या सफेत नेहमी असणारे, वुजूच्या हौदाजवळ घसरून पडले. डोक्याला किरकोळ खोक पडली. दोन दिवसांत ती भरली. तीन-चार आठवड्यांनी ते रकाती विसरू लागले, चालताना एका बाजूला झुकू लागले, दिवसाही झोपून राहू लागले. घरच्यांना वाटले, वय झाले. कोणी म्हणाले, नजर लागली. शेवटी डोक्याचे स्कॅन झाले आणि मेंदूवर रक्त साचल्याचे निदान निघाले. कवटीला लहान छिद्र पाडून ते काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा माझ्याकडे आला. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. म्हणालो, ‘अब्बांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. या वयात डोकं कशाला उघडायचं? दम करू, दुआ करू, अल्लाहवर भरवसा ठेवू.’ त्यांना तेच ऐकायचे होते. भयभीत माणसाला बहुधा तेच ऐकायचे असते. अकरा दिवसांनी ते गृहस्थ बेशुद्ध झाले. शस्त्रक्रिया झालीच, पण मध्यरात्री, धावपळीत. प्राण वाचले. उजव्या हाताची शक्ती आणि स्पष्ट वाचा परत आली नाही. आधी केले असते तर सारे ठीक झाले असते, असे डॉक्टरांनीही ठामपणे म्हटले नाही. शक्यता चांगली होती, इतकेच ते म्हणाले. वृद्ध माणसांत किरकोळ पडण्यानंतर असे रक्त हळूहळू साचते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच, आणि त्यावरची शस्त्रक्रिया मेंदूच्या लहान शस्त्रक्रियांपैकी गणली जाते, हे मी नंतर शिकलो. शिकायला उशीर झाला होता.

तेव्हापासून मी या विषयावर आपल्या उलमांनी काय लिहिले आहे ते शोधू लागलो, आणि मला आश्चर्य वाटले. ज्याला आपण आधुनिक डॉक्टरांची भाषा समजतो, ती आपल्या फिकहमध्ये कितीतरी शतकांपासून आहे.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, यावर फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगासाठी अल्लाहने औषध ठेवल्याचे सांगितले, ही हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांची हदीस सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रश्न त्यापुढचा आहे. जेथे उपचार स्वतःच प्राणघातक ठरू शकतो, तेथे काय करावे? मेंदू व मणका यांची शस्त्रक्रिया म्हणजे नेमकी हीच जागा. येथे सुरी काही मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर बोलणे जाते, पाय जातात, लघवीवरचा ताबा जातो.

कोकणातील आपले शाफई बंधू ज्यांच्या मतावर चालतात त्या इमाम नववी (रह.) यांचा मिन्हाज हा ग्रंथ पाहा. इमाम नववी हिजरी ६७६ मध्ये निवर्तले. शरीरावरील गाठ कापून घेण्याविषयी त्यांचे म्हणणे असे आहे, की स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास पात्र असलेला मनुष्य ती कापवून घेऊ शकतो. मात्र जिला हात लावणे धोक्याचे आहे आणि जिला सोडून देण्यात धोका नाही, अशी गाठ कापू नये. कापण्यातील धोका सोडून देण्यातील धोक्याहून अधिक असेल, तेव्हाही कापू नये. आणि मूल लहान असेल तर? बाप किंवा आजोबा धोका पत्करून ती कापवू शकतात, पण सोडून देण्यातील धोका अधिक असेल तेव्हाच. म्हणजे तराजूला दोन पारडी आहेत. आपण बहुधा एकच पारडे पाहतो. ‘ऑपरेशनमध्ये काही झालं तर?’ हे सगळे विचारतात. ‘ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?’ हे फार थोडे विचारतात. मी तर विचारलेच नव्हते.

हनफींसाठी फतावा आलमगिरी आहे. औरंगजेबाच्या काळात बुऱ्हाणपूरचे शेख निझाम यांच्या नेतृत्वाखाली उलमांच्या मंडळाने तो सिद्ध केला. प्राणावर बेतणाऱ्या जखमा, मूत्राशयातील खडा अशा प्रसंगांविषयी त्यात म्हटले आहे, की रुग्ण वाचेलही आणि मरेलही असे जाणकार सांगत असतील, तर उपचार करावा; तो मुळीच वाचणार नाही असे सांगत असतील, तर त्याला तसेच राहू द्यावे. आशेला जागा असेल तर हात आखडू नये आणि आशाच नसेल तर केवळ काहीतरी केल्याच्या समाधानासाठी मरणाऱ्याचे शरीर चिरू नये, असा याचा अर्थ मी घेतो. १९९२ मध्ये जिद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या सातव्या अधिवेशनात जो ठराव झाला, त्यातही हाच धागा आहे. उपचार सोडल्याने प्राण किंवा अवयव जाणार असेल, वा अपंगत्व येणार असेल, तर उपचार वाजिब. आणि उपचाराने मूळ रोगापेक्षा मोठा अपाय होण्याची भीती असेल, तर तो मकरूह.

अर्थात, कोणत्या पारड्यात किती वजन आहे हे मुफ्ती सांगू शकत नाही. ते वैद्यकाचा जाणकार सांगतो, आणि तेही काळाप्रमाणे बदलते. कुर्तुब्याचे अबुल कासिम जहरावी (रह.) हे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे महान शस्त्रवैद्य. ज्या बालकांच्या डोक्यात पाणी साचून डोके मोठे होत जाते, त्यांच्याविषयी त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे, की आपण पाहिलेली अशी मुले दगावलीच, म्हणून आपण त्यांच्यावर शस्त्र न चालवणेच पसंत केले. त्यांच्या काळी ते शहाणपण होते. आज त्याच विकारावर डोक्यातून पोटापर्यंत त्वचेखालून एक बारीक नळी घालतात आणि अशी कितीतरी मुले शाळेत जातात. ती नळी कधी तुंबते, कधी तिच्यात जंतुसंसर्ग होतो आणि ती बदलावी लागते, हे आई-बापांना आधीच ठाऊक हवे. पण ‘डोक्याला हात लावला की मूल हाती लागत नाही’ हे आजीचे म्हणणे आज प्रमाण मानता येणार नाही. ‘मणका उघडला की माणूस अंथरुणाला खिळतो’ हेही त्यातलेच.

मणक्याचा विषय निघालाच आहे, तर तेथे चूक दोन्ही बाजूंनी होते. मणक्यांमधील गादी सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवायच ओसरते. हॉलंडमधील २८३ रुग्णांच्या एका अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, काहींची शस्त्रक्रिया लगेच केली आणि काहींना औषधोपचारावर थांबवून ठेवले. लगेच केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, हेही खरे. तेव्हा येथे थांबणे हा निष्काळजीपणा नव्हे आणि करवून घेणे ही अधीरता नव्हे. ज्याला मजुरीवर जायचे आहे त्याचे उत्तर आणि ज्याला घरी बसणे परवडते त्याचे उत्तर वेगळे असू शकते. परंतु त्याच दुखण्यात लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पायातील शक्ती उतरत चालली, तर मग थांबणे हराम ठरण्याइतपत गंभीर आहे. तेथे तासांचा हिशेब असतो. लाजेपायी आपल्या घरातील स्त्रिया ही लक्षणे सांगत नाहीत. मुलींनी आईला स्पष्ट विचारावे.

मेंदूच्या बाबतीत सर्वांत कठीण प्रसंग अपघाताचा. तरुण मुलगा मोटारसायकलवरून पडला आहे, मेंदूला सूज आहे, औषधांनी दाब उतरत नाही. मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा एक भाग काढून ठेवावा का? २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा ४०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिले असता, केवळ औषधोपचार केलेल्यांत शंभरांमागे सुमारे ४९ दगावले होते आणि कवटी उघडलेल्यांत सुमारे २७. म्हणजे शंभरांमागे बावीस जीव अधिक वाचले. सुबहानल्लाह! परंतु पुढे वाचा. हे अधिकचे वाचलेले स्थूलमानाने तीन सारख्या वाट्यांत विभागले गेले. एक वाटा जाणीवच नसलेल्या अवस्थेत राहिला. एक वाटा सर्वस्वी दुसऱ्यांवर अवलंबून. आणि एक वाटा घरातल्या घरात स्वतःचे करू शकणारा. याहून चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. पुढे काहींची स्थिती आणखी सुधारली. वर्षअखेरीस घरात स्वावलंबी किंवा त्याहून बरे असलेले शस्त्रक्रियेच्या गटात शंभरांमागे ४५ होते, दुसऱ्यात ३२.

हे आकडे मी कोणाला घाबरवण्यासाठी देत नाही. ‘वाचेल का?’ एवढेच विचारून सही करणारा बाप अर्धाच प्रश्न विचारतो, हे दाखविण्यासाठी देतो. ‘वाचला तर कसा असेल?’ हा दुसरा अर्धा. हा प्रश्न विचारणे निर्दयपणा नाही. अपंग जीवनाला किंमत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. अंथरुणावरचा मुलगाही अल्लाहची अमानत आहे आणि त्याचा अंत कोणी लवकर घडवून आणावा, याला शरीअतमध्ये जागा नाही. पण त्याची सेवा वर्षानुवर्षे कोण करणार, हे त्या जिन्यातच घरच्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलले पाहिजे. पुढे ती सेवा एकट्या आईच्या किंवा सुनेच्या माथी येते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. सही करणारे तेव्हा दुकानावर असतात.

डॉक्टरांना विचारण्यात संकोच कशाला? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, तुमच्या हातून त्यांतील कितीजण पायांनी चालत घरी गेले, हे विचारणे बेअदबी नाही. ज्याचे वैद्यकाचे ज्ञान प्रसिद्ध नाही त्याने उपचार केला तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर, अशी हदीसच आहे. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. वेळ असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. आणि दोन डॉक्टरांची मते जुळली नाहीत म्हणून दोघेही खोटे, असे समजू नये. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना प्लेगची बातमी मिळाली. त्यांनी मुहाजिरांना विचारले, त्यांच्यात मतभेद. अन्सारांना विचारले, त्यांच्यातही मतभेद. मग कुरैशच्या अनुभवी वृद्धांना विचारले, त्यांनी एकमुखाने परतण्यास सांगितले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले, की होय, आपण अल्लाहच्या एका तकदीरपासून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि दाखला दिला उंटाचा. दरीच्या दोन उतारांपैकी एक हिरवा आणि एक उजाड असेल, तर जेथे चाराल तेथे अल्लाहच्याच तकदीरने चाराल. माझ्या मते शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करणाऱ्या श्रद्धावंतासाठी याहून मोठा दिलासा नाही. सही केली तरी तकदीर, न केली तरी तकदीर. हिरवा उतार शोधणे मात्र आपल्यावर आहे.

या सगळ्या मश्वऱ्यात एक माणूस बहुधा वगळला जातो, आणि तो म्हणजे रुग्ण. ‘अब्बांना सांगू नका, घाबरतील.’ ‘अम्मींना काय कळतं?’ प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातील प्रसंग सही बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितला आहे. घरच्यांनी त्यांच्या मुखात औषध घातले. ते खुणेने नको म्हणत होते. पण रुग्णाला औषध नकोसे असतेच, असे समजून घरच्यांनी ते दिले. शुद्धीवर येताच आपण मना केले होते ना, असे त्यांनी विचारले आणि घरात उपस्थित असलेल्या प्रत्येकाला, त्या वेळी तेथे नसलेले हजरत अब्बास (रजि.) वगळून, तेच औषध पाजावयास लावले. प्रेमापोटी केलेली जबरदस्तीही त्यांनी अशी दुरुस्त केली. जो शुद्धीवर आहे, समजून घेऊ शकतो, त्याच्या डोक्याचा आणि कण्याचा निर्णय त्याचा आहे. इमाम नववींचा शब्दही ‘स्वतःचा निर्णय घेण्यास पात्र मनुष्य’ याच्याविषयीच आहे. बेशुद्ध रुग्णाच्या जीवघेण्या प्रसंगात कोणाची वाट पाहत बसू नये, हे वेगळे.

इस्तिखाऱ्याविषयी थोडे. इस्तिखारा ‘काढून देण्याची’ वस्तू नाही. ज्याचे काम आहे त्यानेच दोन रकात नफल पढून मागावयाची ती दुआ आहे. त्यासाठी स्वप्न पडण्याची अट नाही. डॉक्टरांना विचारले, घरच्यांशी बोलले, मन एका बाजूला झुकले, की दोन रकात पढून पुढे पाऊल टाकावे. त्यात भले असेल तर अल्लाह ते सुकर करील. कळफकडे पाहत तीन रात्री स्वप्नाची वाट पाहण्याइतका वेळ सुजलेल्या मेंदूला नसतो.

आणि त्यानंतर जे होईल त्याविषयी. सर्व नीट विचारून, तोलून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही माणूस जाऊ शकतो. अशा घरांत मी वर्षानुवर्षे ‘असे केले असते तर’ ऐकतो. सही केलेला भाऊ ईदच्या दिवशीही नजर वर करीत नाही. संकट आल्यावर ‘तसे केले असते तर तसे झाले असते’ म्हणण्यास प्रेषितांनी (स.) मना केले आहे, तो ‘तर’ शैतानाचे दार उघडतो, हे सही मुस्लिममध्ये आहे. ज्याने आपल्याकडून विचारण्यात कसूर केली नाही, त्याच्यावर निकालाचा बोजा नाही; इतर नातलगांनीही तो त्याच्यावर घालू नये. ज्याने विचारलेच नाही, त्याची गोष्ट निराळी, आणि त्याने तौबा करावी. मी त्या वृद्ध गृहस्थांची व त्यांच्या मुलाची माफी मागितली आहे. ते जुम्याला चाकांच्या खुर्चीवर येतात, डाव्या हाताच्या बोटांवर तस्बीह मोजतात. माफी मागितली तेव्हा त्यांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. काय म्हणाले ते मला समजले नाही.

गेल्या महिन्यात त्याच मुलाचा पुन्हा फोन आला. आईच्या कमरेचा एमआरआय झाला होता, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. ‘मौलाना, काय करू?’ या वेळी मी उत्तर दिले नाही, विचारत गेलो. लघवीवर ताबा आहे का? पाय उचलता येतो का? आता नाही केलं आणि तीन महिने थांबलात तर काय होईल, हे डॉक्टरांना विचारलंत? दुसऱ्या कोणाला दाखवलंत? ते एकेक सांगत गेले. त्यांनी पुष्कळ विचारून ठेवले होते.

‘आणि अम्मी काय म्हणतात?’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘थांबा मौलाना, त्यांना विचारून फोन करतो.’